मोंढ्याच्या भावफलकासाठी रेडिस: पायथनची क्लायंट लायब्ररी नीट कशी जोडावी

लातूर असो, जालना असो की हिंगोली, मोंढ्यात सौदे आटोपले की सगळ्यांना तीनच गोष्टी हव्या असतात: आज सोयाबीन काय गेले, तूर काय गेली आणि आवक किती झाली. भाव नोंदवणारा एक प्रोग्राम, ते फलकावर दाखवणारा दुसरा आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर उत्तर पाठवणारा तिसरा. या तिघांना एकाच जागी पटकन लिहिता-वाचता यावे म्हणून मध्ये रेडिस हा मेमरीत माहिती ठेवणारा वेगवान डेटाबेस ठेवणे हा सोपा आणि स्वस्त मार्ग आहे. या लेखात हेच उदाहरण घेऊन पायथनची रेडिस लायब्ररी कशी जोडायची ते पाहू.

चार कमांड शिकायला अर्धा तास पुरतो. खरे काम लाइन तुटल्यावर प्रोग्राम काय करेल हे आधी ठरवण्याचे असते, आणि लायब्ररीच्या बहुतेक सेटिंग त्यासाठीच आहेत. त्यामुळे लेखाचा मोठा भाग त्याच बाबतीत खर्च झाला आहे.

आधी दोन खुलासे. कमांड आणि पर्यायांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती रोमन लिपीत करायची. आणि रेडिसमध्ये ज्या नावाखाली माहिती ठेवतात त्याला 'की' म्हणतात, पण मराठी वाक्यातल्या 'की'शी घोळ नको म्हणून इथे 'किल्ली' म्हटले आहे.

लायब्ररी नेमके काय करते

रेडिस हा २००९ साली साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी सुरू केलेला प्रकल्प. माहिती मेमरीत ठेवतो, ६३७९ या पोर्टवर ऐकतो आणि कमांड एका वेळी एकच चालवतो. २०२४ मध्ये त्याचा परवाना बदलल्यावर लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की हा फाटा निघाला. तुमच्या सर्व्हरवर व्हॅल्की असेल तरी इथले सगळे तसेच चालते, कारण दोघांची बोलण्याची पद्धत एकच आहे.

त्या पद्धतीला रेस्प म्हणतात. तुम्ही 'सेट, किल्ली, मूल्य' म्हटले की लायब्ररी आधी 'तीन भाग येत आहेत' असे सांगते, मग प्रत्येक भागाची लांबी बाइटमध्ये आणि पाठोपाठ तो भाग. उत्तर आले की ते उलगडून पायथनच्या मूल्यात बदलते. शिवाय उघडलेली कनेक्शन ती एका पूलमध्ये जपून ठेवते, म्हणजे दर कमांडला नव्याने जोडणी करावी लागत नाही.

लांबी बाइटमध्ये, हे मराठीत काम करणाऱ्याने पक्के ध्यानात ठेवावे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना-मात्राही स्वतंत्र चिन्हेच असतात. म्हणून 'लातूर'ची लांबी विचारली तर रेडिस १५ सांगतो आणि 'सोयाबीन'ची २१. गेटरेंज कमांडने मराठी मजकुराचा तुकडा काढायला गेलात तर अक्षर मधोमध कापले जाते आणि पायथन डीकोडिंगची चूक दाखवतो. मराठी मजकूर पूर्ण वाचा आणि कापायचा तो पायथनमध्ये कापा.

उभारणी

उबुंटूवर सर्व्हरचे पॅकेज 'रेडिस-सर्व्हर' या नावाने मिळते. विंडोजवाल्या संगणकावर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) उबुंटू घ्या किंवा डॉकर वापरा. मग 'रेडिस-सीएलआय पिंग' टाइप करा, 'पाँग' आले की सर्व्हर जिवंत आहे.

पायथनसाठी आधी वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा. लायब्ररीला बोलताना रेडिस-पाय म्हणतात, पण पिपने बसवायचे पॅकेज नुसते 'रेडिस' आहे. चौकटी कंसात 'हायरेडिस' जोडलेत तर उत्तरे उलगडणारा सी भाषेतला वेगवान भागही सोबत येतो. स्वतःच्या फाइलला मात्र 'रेडिस' हे नाव देऊ नका. पायथन लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उचलतो आणि 'रेडिस नावाचा वर्ग सापडत नाही' अशी कोड्यात टाकणारी चूक येते. नवख्यांचा पहिला दिवस बहुधा इथेच जातो.

पहिले कनेक्शन आणि त्याचे आकडे

क्लायंट तयार करताना फक्त होस्ट आणि पोर्ट देऊन थांबू नका. भावफलकासारख्या कामासाठी ही मूल्ये सुरुवातीला चांगली:

डीकोड_रिस्पॉन्सेस = ट्रू
सॉकेट_कनेक्ट_टाइमआउट = २
सॉकेट_टाइमआउट = ३
हेल्थ_चेक_इंटरव्हल = ३०
मॅक्स_कनेक्शन्स = २०
क्लायंट_नेम = नोंद-खिडकी-१

पहिला पर्याय दिला नाही तर प्रत्येक उत्तर बाइटच्या रूपात येते. मग हॅशमधून (एका किल्लीखाली क्षेत्र आणि मूल्य अशा जोड्या ठेवणारा रेडिसचा प्रकार) आलेल्या डिक्शनरीत 'कमाल' शोधायला जाता आणि ते सापडत नाही, कारण तिथे त्याच शब्दाची बाइट-आवृत्ती बसलेली असते. उलट, पिकल केलेली (पायथनने बाइटमध्ये बदललेली) वस्तू किंवा फोटो रेडिसमध्ये ठेवत असाल तर त्यासाठी हा पर्याय बंद ठेवलेला वेगळा क्लायंट करा, नाहीतर वाचताना डीकोडिंग फसते.

टाइमआउट दोन आहेत आणि दोन्ही हवेत. कनेक्ट टाइमआउट म्हणजे जोडणी होईपर्यंत किती थांबायचे, सॉकेट टाइमआउट म्हणजे जोडल्यावर उत्तराची वाट किती पाहायची. प्रदीर्घ काळ लायब्ररीत सॉकेट टाइमआउटचे डीफॉल्ट मूल्य 'नन' राहिले आहे, म्हणजे कितीही वेळ वाट पाहायची. तालुक्याच्या गावी दुपारी वीज जाते, टॉवरची बॅटरी उतरते आणि डेटा कार्डचे नेट मुकाट्याने बंद पडते. कनेक्शन तुटल्याचा निरोप कुणीच कुणाला देत नाही. अशा वेळी टाइमआउट नसलेला प्रोग्राम तसाच गोठून उभा राहतो, भाव नोंदवण्याच्या खिडकीवरच्या माणसाला वाटते संगणक हँग झाला, तो बटण दाबून संगणक बंद करतो आणि हातातली नोंदही जाते. ३ सेकंदांत चूक दाखवणारा प्रोग्राम त्या माणसाच्या जास्त उपयोगाचा.

हेल्थ चेक याच्याच जोडीला आहे. मोबाइल नेटवर्क किंवा राउटर बराच वेळ शांत असलेली जोडणी आपल्या यादीतून काढून टाकतो. पूलमध्ये ती जिवंतच दिसते, पण पुढची कमांड पाठवली की उत्तर येत नाही. ३० दिले की ३० सेकंदांपेक्षा जास्त वेळ पडून राहिलेले कनेक्शन वापरण्याआधी लायब्ररी पिंग करून बघते आणि गरज पडली तर नवे जोडते. सकाळी आवक नोंदवून झाल्यावर सौदे सुरू होईपर्यंत प्रोग्राम रिकामा बसतो आणि पहिलाच भाव टाकताना चूक येते, ही तक्रार बहुधा यानेच सुटते.

पूलचा हिशेब प्रत्येक प्रोसेसचा वेगळा असतो. वेब सर्व्हरचे ४ वर्कर आणि प्रत्येकी २० कनेक्शन म्हणजे ८० पर्यंत जाऊ शकतात. स्वतःच्या सर्व्हरवर रेडिसची डीफॉल्ट मर्यादा १०,००० आहे, म्हणून तिथे हे कळतही नाही. होस्टेड सेवेच्या छोट्या योजनेत मर्यादा फारच कमी असते, तिथे लगेच नडते. पूल भरला की साधा पूल थेट चूक फेकतो, तर ब्लॉकिंग-कनेक्शन-पूल जागा मोकळी होण्याची वाट पाहतो. त्याची डीफॉल्ट मूल्ये ५० कनेक्शन आणि २० सेकंद अशी आहेत. खिडकीवर माणूस उभा असताना २० सेकंद फार झाले, ३ करा.

क्लायंट एकदाच तयार करा, प्रोग्राम सुरू होताना. प्रत्येक विनंतीच्या फंक्शनमध्ये नवा क्लायंट बनवणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. त्यात पूल असून नसल्यासारखा होतो आणि कनेक्शन साठत जातात. एकच क्लायंट अनेक थ्रेडमध्ये वापरला तर चालतो, पण पाइपलाइन (अनेक कमांड एकत्र पाठवणारी) आणि पबसब (ऐकणाऱ्या सगळ्यांना निरोप पाठवणारी सोय) यांचे ऑब्जेक्ट थ्रेडमध्ये वाटून घेऊ नका.

किल्ल्यांची नावे: इथे मराठीचे खास प्रश्न आहेत

मराठी मजकूर किल्लीत तांत्रिकदृष्ट्या चालतो. तरीही किल्ल्या रोमन लहान अक्षरांतल्या ठरावीक संकेतांनी बनवा आणि मराठी नावे मूल्यात ठेवा. बांधणी अशी: 'भाव : बाजार-संकेत : माल-संकेत : तारीख', मध्ये विसर्गचिन्ह म्हणजे कोलन आणि कुठेही मोकळी जागा नाही.

याची कारणे चांगली ठोस आहेत. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. किल्लीत पूर्ण नाव असते तर जुनी माहिती एका नावाखाली, नवी दुसऱ्या आणि अहवाल अर्धवट. संकेत असेल तर मूल्यातले नाव एका जागी बदलले की झाले.

दुसरे कारण अक्षरांचे. 'शेतकऱ्यांचा' हा शब्द काही कीबोर्ड 'ऱ' या स्वतंत्र चिन्हाने लिहितात, काही र आणि खाली नुक्ता असे, तर काही र, हलन्त आणि मधे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे. रेडिस फक्त बाइट पाहतो, म्हणून त्याच्या लेखी त्या तीन वेगळ्या किल्ल्या. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलने एनएफसी हे प्रमाणित रूप करून घेतले तर पहिले दोन एक होतात, पण जोडचिन्हाचा प्रकार तसाच उरतो. शेतकऱ्याचे किंवा आडत्याचे नाव किल्लीत नको ते यासाठी. एक्सेलमधून आलेल्या 'परभणी'च्या मागे चिकटलेली मोकळी जागाही अशीच फसवते, म्हणून संकेताकडे वळवण्याआधी मजकुराच्या कडा छाटून घ्या.

अंकांचेही तसेच. पायथनचे इंट हे फंक्शन देवनागरी '४३५०' बिनतक्रार आकड्यात बदलते. रेडिस मात्र तोच मजकूर आकडा मानत नाही, आणि हॅशमधला आकडा वाढवणारी हॅश-इंक्रबाय कमांड चालवली की 'मूल्य पूर्णांक नाही' अशी चूक येते. माणसाने भरलेला प्रत्येक आकडा आधी इंटमधून काढा आणि मगच पाठवा.

तारीख किल्लीत घालताना वेळेचा प्रदेश 'एशिया/कोलकाता' असा स्पष्ट सांगा. क्लाउडवरचे बहुतेक सर्व्हर यूटीसीवर चालतात आणि आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजेपर्यंत तिथे कालचीच तारीख असते. हंगामात रात्री बारानंतर गेटवर आलेल्या गाड्यांची आवक मग आदल्या दिवसात जमा होते.

टर्मिनलवर मराठी मूल्य बघताना तिरप्या रेघा आणि संकेतांची रांग दिसली तर घाबरू नका, माहिती ठीकच आहे. रेडिस-सीएलआय 'रॉ' हा पर्याय देऊन चालवा, अक्षरे दिसतील. जेसन करून ठेवत असाल तर डम्प्स फंक्शनला 'एन्शुअर_आस्की = फॉल्स' द्या. नाही दिले तर प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ ऐवजी ६ बाइट लागतात.

भाव कसा ठेवायचा

एका बाजारातल्या एका मालाचा एका दिवसाचा भाव म्हणजे एक हॅश. त्यात किमान, कमाल, सर्वसाधारण आणि वेळ ही क्षेत्रे. हॅश-सेट कमांडला 'मॅपिंग'मध्ये डिक्शनरी दिली की सगळी क्षेत्रे एकत्र लिहिली जातात. जुन्या लेखांत दिसणारी एचएम-सेट आता कालबाह्य आहे, ती नको.

दर पूर्ण रुपयांत ठेवा, हमाली-तोलाईसारखे पैशांतले हिशेब पूर्णांक पैशांत. दशांश अपूर्णांकांची बेरीज करत गेलात तर पट्टीत पैशांचा फरक पडतो आणि तो शोधायला वेळ जातो.

लायब्ररी मूल्य म्हणून मजकूर, बाइट, पूर्णांक आणि अपूर्णांक एवढेच घेते. ३.० आवृत्तीपासून नन, ट्रू-फॉल्स, तारीख किंवा यादी दिली तर डेटा-एरर येते. ही अडचण नसून सोय आहे. पूर्वी 'नन' हा शब्दच मजकूर म्हणून आत जाऊन बसायचा. सौदा झाला नसेल तर ते क्षेत्र लिहूच नका. परत वाचताना सगळे मजकूर म्हणूनच येते, तेव्हा इंट पुन्हा करावे लागते. नसलेल्या किल्लीवर हॅश-गेट-ऑल चालवले तर चूक न येता रिकामी डिक्शनरी मिळते. फलकावर तिथे 'भाव आला नाही' असे दाखवा. शून्य कधीही दाखवू नका, शेतकरी तो भाव समजतो.

जुने भाव आपोआप जावेत म्हणून मुदत घाला, ३ दिवस म्हणजे २,५९,२०० सेकंद. हॅशमधले क्षेत्र बदलले तरी किल्लीची मुदत टिकते. साध्या सेट कमांडने मूल्य पुन्हा लिहिले तर मात्र मुदत पुसली जाते, तिथे 'कीप-टीटीएल' द्यावे लागते, जे रेडिस ६.० पासून आहे. टीटीएल, म्हणजे उरलेली मुदत, विचारल्यावर उणे १ आले तर किल्ली आहे पण मुदत नाही, उणे २ आले तर किल्लीच नाही.

पाइपलाइन

समजा सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आहे आणि एका फेरीला ४० मिलिसेकंद लागतात. मराठवाड्यातल्या ३० बाजारांचे प्रत्येकी ८ माल म्हणजे २४० हॅश. एकेक लिहिला तर ९.६ सेकंद नुसती वाट पाहण्यात जातात. पाइपलाइनमध्ये भरून एकदा 'एक्झिक्यूट' केले तर जवळपास एकाच फेरीचा वेळ लागतो.

रेडिस-पायमध्ये पाइपलाइन डीफॉल्टने व्यवहार म्हणून, म्हणजे सगळ्या कमांड सलग चालवणाऱ्या मल्टी-एक्झेकमध्ये गुंडाळून जाते. भाव लिहिणे आणि मुदत घालणे या जोडीसाठी ते हवेच. नुसता वेग हवा असेल तर 'ट्रान्झॅक्शन = फॉल्स' करा. इथला व्यवहार बँकेच्या डेटाबेससारखा मागे फिरत नाही. मधली एक कमांड चुकीच्या प्रकारच्या किल्लीवर गेली तर लायब्ररी चूक दाखवते, पण बाकीच्या कमांड लागू झालेल्या असतात. एका पाइपलाइनमध्ये ५०० ते १,००० कमांडपेक्षा जास्त भरू नका, कारण सगळी उत्तरे पूर्ण जाईपर्यंत सर्व्हरच्या मेमरीत साठतात.

पुनर्प्रयत्न: आवक दुप्पट का होते

टाइमआउट झाला याचा अर्थ 'कमांड झाली नाही' असा नाही, 'उत्तर आले नाही' एवढाच आहे. कमांड सर्व्हरपर्यंत पोचून लागू झालेली असू शकते आणि फक्त उत्तर वाटेत हरवलेले असू शकते.

आता समजा आवकेची बेरीज तुम्ही हॅश-इंक्रबायने वाढवता. एका वक्कलाचे ३२ क्विंटल पाठवले, ते लागू झाले, उत्तर आले नाही, लायब्ररीने पुन्हा पाठवले. आवक ६४ ने वाढली. रेडिस-पाय ६.० पासून डीफॉल्टनेच ३ पुनर्प्रयत्न करते, त्याआधीच्या आवृत्त्यांत ते आपण मागावे लागत. म्हणजे लायब्ररी अद्ययावत केल्यावर तुमच्या कोडची एक ओळही न बदलता हा दोष सुरू होऊ शकतो. डीफॉल्टवर विसंबू नका, 'रिट्राय' पर्याय स्वतः लिहा.

नीट उपाय म्हणजे नोंदच अशी करणे की ती कितीदाही पाठवली तरी निकाल तोच राहील. दिवसाच्या आवकेसाठी एक वेगळा हॅश ठेवा. त्यात क्षेत्र म्हणजे गेटवरच्या पावतीचा क्रमांक आणि मूल्य म्हणजे वजन, किलोत. तीच पावती पुन्हा लिहिली गेली तर जुन्या आकड्यावर तोच आकडा बसतो. एकूण आवक हवी तेव्हा सगळी मूल्ये वाचून पायथनमध्ये बेरीज करा. दिवसाला काही हजार पावत्यांपर्यंत हे आरामात चालते, शिवाय कोणती पावती चुकली हेही शोधता येते. नुसत्या बेरजेच्या आकड्यात ती सोय नाही.

काही ठिकाणी वाढवणारी कमांड टाळता येत नाही, उदाहरणार्थ टोकन क्रमांक देताना. तिथे पुनर्प्रयत्न बंद असलेला दुसरा क्लायंट ठेवा: रिट्रायमध्ये 'नो-बॅकऑफ' आणि संख्या ०. टाइमआउट झाला तर एखादा क्रमांक वाया जाईल, पण एकच क्रमांक दोघांना जाणार नाही.

वेळेचा गुणाकारही करून बघा. सॉकेट टाइमआउट ३ सेकंद आणि ३ पुनर्प्रयत्न म्हणजे एकूण ४ वेळा, १२ सेकंद, आणि मधल्या थांब्यांची भर वेगळी. फलकाला ते चालेल, तो जुना भाव दाखवत राहील. खिडकीवर १ पुनर्प्रयत्न पुरे, आणि तेवढ्यातही जमले नाही तर नोंद स्थानिक एसक्यूलाइट फाइलमध्ये टाकून नेट आल्यावर पाठवा. पावती क्रमांकाची पद्धत असेल तर हे उशिरा पाठवणेही सुरक्षित राहते.

फलकाला नवा भाव कसा कळवायचा

पबसब सोपे आहे, पण त्यात निरोप साठत नाही. फलकाची वीज पाच मिनिटे गेली तर त्या पाच मिनिटांतले भाव त्याला कधीच मिळत नाहीत. त्यापेक्षा निरोप क्रमाने साठवून ठेवणारी स्ट्रीम घ्या. नोंद करणारा एक्स-ॲडने निरोप टाकतो, सोबत कमाल लांबी अंदाजे ५,०००. फलक एक्स-रीडने वाचतो आणि शेवटच्या वाचलेल्या निरोपाचा क्रमांक आपल्या फाइलमध्ये जपतो. प्रत्येक फेरीला डॉलरचिन्ह देऊन 'आत्तापासूनचे' मागितलेत तर दोन फेऱ्यांच्या मधले निरोप निसटतात. डॉलरचिन्ह फार तर पहिल्यांदा, नंतर क्रमांकच.

वाट पाहत वाचण्याच्या कमांडमध्ये, म्हणजे एक्स-रीड किंवा बीएल-पॉपमध्ये, थांबण्याची मुदत सॉकेट टाइमआउटपेक्षा कमी हवी. सॉकेट टाइमआउट ३ आणि एक्स-रीडचा ब्लॉक ५,००० मिलिसेकंद असेल तर शांत वेळेत दर ३ सेकंदांनी टाइमआउटची चूक येत राहील. फलकाच्या क्लायंटला सॉकेट टाइमआउट १० द्या. एक्स-रीडचा ब्लॉक मिलिसेकंदांत मोजतात आणि बीएल-पॉपची मुदत सेकंदांत, हे गल्लत करण्यासारखे आहे.

वीज गेली तर

'ओके' हे उत्तर म्हणजे माहिती मेमरीत गेली, डिस्कवर गेलीच असे नाही. डीफॉल्टमध्ये रेडिस अधूनमधून मेमरीचे पूर्ण चित्र डिस्कवर घेऊन ठेवतो, आणि अचानक वीज गेली तर मधल्या नोंदी जातात. भावांसाठी प्रत्येक लिखाण शेवटी जोडत जाणारी अपेंड-ओन्ली फाइल चालू करा आणि अपेंड-एफसिंक 'एव्हरीसेक' ठेवा, मग साधारण १ सेकंदाचेच नुकसान. चालू सर्व्हरवर हे करताना फाइलमध्ये बदल करून थेट रीस्टार्ट करू नका. अपेंड-ओन्ली फाइल अजून तयारच नसल्याने सर्व्हर रिकामा उठू शकतो. आधी 'कॉन्फिग सेट'ने चालू करा, फाइल लिहून होऊ द्या, मग 'कॉन्फिग रीराइट' करा.

रीस्टार्टनंतर काही क्षण 'लोडिंग' अशी चूक येते, तेव्हा थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करणे योग्य. 'मिसकॉन्फ' आली तर बहुधा डिस्क भरली आहे आणि चित्र लिहिता न आल्याने सर्व्हरने लिखाण थांबवले आहे. ती तपासणी बंद करून पुढे जाण्याचा सल्ला जागोजाग मिळतो. तो ऐकू नका, डिस्क मोकळी करा. 'ओओएम' म्हणजे ठरवलेली मेमरी संपली आणि डीफॉल्ट धोरणानुसार जुने काही काढले जात नाही. मुदत घालायला विसरलेल्या किल्ल्या शोधा, पण 'कीज' कमांडने नको. ती सगळ्या किल्ल्या एका दमात चाळते आणि तेवढा वेळ बाकीचे सगळे ताटकळतात. लायब्ररीतला स्कॅन-इटर वापरा. तो थोड्याथोड्या किल्ल्या देतो, एखादी दोनदाही देऊ शकतो, म्हणून निकाल सेटमध्ये घ्या.

दार उघडे ठेवू नका

६३७९ पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवू नये, पासवर्ड घातला तरी. असे सर्व्हर शोधत फिरणारे स्वयंचलित प्रोग्राम आहेत आणि ते रेडिसमधून डिस्कवर फाइल लिहून सगळा सर्व्हर ताब्यात घेतात. तालुक्यातल्या खिडक्या एसएसएच टनेल किंवा व्हीपीएनमधून जोडा, किंवा टीएलएस वापरा, त्याचा पत्ता 'रेडिस' शब्दात एक जादा 'एस' घालून सुरू होतो. पत्त्यात पासवर्ड लिहिताना ॲट-चिन्ह किंवा हॅश-चिन्ह असेल तर ते टक्क्याच्या संकेतात बदला, नाहीतर होस्टचे नावच चुकीचे वाचले जाते.

रेडिस ६ पासून वेगवेगळे वापरकर्ते करता येतात. फलकाच्या वापरकर्त्याला 'भाव'ने आणि स्ट्रीमच्या नावाने सुरू होणाऱ्या किल्ल्या द्या, त्यावर वाचन-गट, मग कनेक्शन-गट आणि सगळ्यात शेवटी धोकादायक गट वजा. नियम डावीकडून उजवीकडे लागतात, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. कनेक्शन-गट विसरलात तर हेल्थ चेकचे पिंगच नाकारले जाते आणि वाचायची परवानगी असूनही फलक बंद पडतो.

हंगामाआधीची चाचणी

दसरा-दिवाळीला सोयाबीनची आवक भरते. त्याआधी एक तास काढून हे तीन प्रयोग करा. पहिला: सीएलआयमधून 'क्लायंट पॉज १००००' द्या. सर्व्हर १० सेकंद गप्प बसतो, पण कनेक्शन तुटत नाही, म्हणजे टॉवर बंद पडल्यासारखी स्थिती. खिडकीचा प्रोग्राम ठरलेल्या वेळेत 'नेट नाही, नोंद इथेच जपली' असे म्हणतो का ते घड्याळ लावून बघा. दुसरा: नोंदी चालू असताना 'क्लायंट किल टाइप नॉर्मल' द्या. सगळी साधी कनेक्शन तुटतात, लायब्ररीने ती आपोआप पुन्हा जोडली पाहिजेत. तिसरा: त्याच गोंधळात १०० पावत्या पाठवणारी स्क्रिप्ट चालवा, पॉज आणि किल आलटून पालटून देत राहा, आणि शेवटी आवकेच्या हॅशची लांबी मोजा. नेमकी १०० यायला हवी. ९९ आली तर स्थानिक फाइलमधून पाठवायचे राहिले आहे. लांबी १०० असून बेरीज जुळत नसेल तर कुठेतरी वाढवणारी कमांड अजून शिल्लक आहे, 'क्लायंट लिस्ट'मध्ये क्लायंटचे नाव आणि त्याची शेवटची कमांड पाहून ती खिडकी शोधा.